माझ्या रक्तातल्या मोठ्या पेशी

दुधाच्या कॅनच्या झाकणाचा वास मला अजून सहन होत नाही. झाकणाच्या आतल्या अंगाला रबराची गोल रिंग असते, तिच्या खाचेत दूध साचून आंबतं. राखेनं घासा, सोड्यानं घासा, तो वास काही जात नाही. लग्न होऊन धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुमच्या बाजूच्या त्या गावात आले तेव्हापासून ती झाकणं मीच घासत होते आणि त्या कॅनमधलं दूध माझ्या तोंडात थेंबभरही जात नव्हतं. मला सांगायचं आहे ते माझ्या रक्ताबद्दल आणि पायांबद्दल. पण सुरुवात झाकणापासूनच करावी लागते, कारण दुखणं तिथूनच आलं.

माझे सासरे गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. त्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या, आमच्या भागात तशीच पद्धत. बहात्तरच्या दुष्काळाचा धसका माणसांच्या अंगातून अजून गेला नव्हता, तोवर पुन्हा पावसानं तोंड फिरवलं. विहिरींनी तळ दाखवला, कडबा मिळेना, म्हशी आटायला लागल्या. डेअरीचा माणूस येऊन सांगून गेला, दूध असंच कमी होत गेलं तर गाडी तुमच्या गावाला वळणार नाही. झालं. मामांनी ते जिवाला लावून घेतलं. चेअरमनच्याच घरातून दूध कमी गेलं तर गाव काय म्हणेल? तेव्हापासून सकाळचं आणि संध्याकाळचं सगळं दूध कॅनमध्ये. दही नाही, ताक नाही. पुरुषांच्या चहाला नावापुरतं दूध, बायकांना गुळाचा काळा चहा.

घर माळकरी. मटण तर सोडाच, अंड्याचं नाव घेतलं तरी आत्या कानावर हात ठेवायच्या. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं, माझ्या माहेरीही तेच. फक्त माहेरी दावणीला एक गाय होती आणि तिचं दूध घरातली माणसं प्यायची. सासरी म्हशींचं शेण मी काढायचे, वैरण मी टाकायचे, धार मी काढायचे आणि खायचे भाकरी, चटणी, अंबाडीची भाजी. तरणी होते, ताटात काय नाही याचा हिशोब कोण ठेवतो?

दुधाचं मात्र मोठं कौतुक. सोसायटीत दुधात काचेची नळी सोडून पाणी किती ते बघायचे. मग थोडं दूध बारीक नळ्यांत घालून, त्यात तेजाब टाकून, हातानं फिरवायच्या यंत्रात गरगर फिरवायचे. वर लोणी किती साचलं त्यावरून फॅट. आमच्या म्हशीचं फॅट मामा लग्नकार्यातसुद्धा लोकांना सांगायचे. सून कुठल्या गावची ते विचारलं तर मात्र त्यांना आठवावं लागायचं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी जीभ सोलल्यासारखी लाल झाली. गुळगुळीत, वर काटाच नाही. चटणी लागली की डोळ्यांतून पाणी. तोंडाला चव नाही, जेवण समोर आलं की पोटात ढवळायचं. पाण्याची घागर घेऊन ओसरीच्या पायऱ्या चढले की धाप लागायची. रंग पिवळट पडला. आत्या म्हणायच्या, "तरण्याताठ्या बायकांला कसली गं धाप? आमी काय पोरं काढली न्हाईत व्हय?" आणि पुढं कामाला लावायच्या.

शेवटी आमचे हे मला मुरुमच्या डॉक्टराकडं घेऊन गेले. आमचे हे म्हणजे अबोल माणूस. वडिलांसमोर तर तोंडात गुळणी धरल्यासारखे. डॉक्टरानं अंगठ्यानं माझी डोळ्याची पापणी खाली ओढली. त्या अंगठ्याला बिडीचा वास होता. पापणी सोडली आणि म्हणाला, "रक्त कमी हाय. गोळ्या देतो." एवढ्यात झालं. जीभ दाखवू लागले तर बघितली नाही. काय खातेस, काय पितेस, कशाची चौकशी नाही. म्हशीच्या दुधाला दोन तपासण्या आणि माझ्या रक्ताला एक अंगठा.

त्या लोहाच्या गोळ्यांची शिसारी शब्दांत सांगता येणार नाही. दिवसभर तोंडात गंजका खिळा चघळल्यासारखं वाटायचं. परसाकडं डांबरासारखं काळं. पोट दगड. आणि एवढं सोसून रक्त तिथल्या तिथं. पुन्हा गेलं की पुन्हा अंगठा, पुन्हा पापणी आणि म्हणायचा, "गोळी वाढवू." वरून टॉनिकची बाटली, काकवीत लोखंड उकळल्यासारखं पाणी. आत्या समोर उभं राहून ते पाजायच्या आणि झाकण चाटून घ्यायला लावायच्या, वाया नको जायला म्हणून.

मग पायांना मुंग्या यायला लागल्या. आधी बोटांना, मग तळव्यांना. एकदा वेशीपाशी मागून शेजारीण ओरडली, "वहिनी, चप्पल ऱ्हायली की मागं." बघते तर एका पायात चप्पल नाही आणि मी तशीच बरंच चालून आलेली. खडी टोचलीच नव्हती. ती हसली, मीही हसले. पण घरी गेल्यावर दार लावून तळवा उलटा करून बघितला.

पंचमीला मला न्यायला दादा आला. माझा थोरला भाऊ, धाराशिवला कोर्टात कारकून. माझा रंग बघून त्यानं बेत बदलला. आईकडं न नेता एसटीनं थेट धाराशिवला घेऊन गेला, तिथं रक्त तपासणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या त्यांच्याकडं. बाई वयानं मोठ्या, बोलायला फटकळ. पहिल्यांदा म्हणाल्या, जीभ काढ. मग मला डोळे मिटायला लावून पायाचं बोट वर-खाली केलं आणि विचारलं, आता बोट कुठं आहे? मी म्हणाले, वर. दादाचा चेहरा पडला ते डोळे उघडल्यावर दिसलं. बोट खाली होतं.

रक्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. आम्ही गेलो तेव्हा बाई एक यंत्र फिरवत होत्या, त्यात बारीक नळ्या. मी म्हणाले, "ह्यात तर फॅट काढतात."

बाई पहिल्यांदा हसल्या. "तसंच समज. दुधात लोणी वर येतं, रक्तात पेशी खाली बसतात. नळीत पेशींचा थर किती ते मोजायचं. मग रेघा मारलेल्या काचेवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती ते मोजायचं. थर किती आणि संख्या किती हे कळलं की भागाकार करायचा. एक पेशी सरासरी केवढी ते निघतं."

"मग माझी केवढी?"

"ऐंशी-नव्वदच्या आसपास यायला पाहिजे. तुझी सव्वाशेच्या वर." त्यांनी दादाकडं बघितलं. "रक्त कमी हे काही एका रोगाचं नाव नाही हो. लोह कमी असलं तर पेशी लहान निघतात, फिकट. हिच्या मोठ्या आहेत, फुगलेल्या, आणि थोड्या. हिला लोहाची काडीची गरज नाही. बी-बारा म्हणून एक जीवनसत्त्व असतं, ते हिच्या अंगात संपलंय."

दादा म्हणाला, "मग इतके महिने लोहाच्या गोळ्या कशाला दिल्या?"

"मापलं नाही म्हणून."

मग मला विचारलं, "मांस-अंडी खात नाहीस ना? दूध पितेस?"

मला हसूच आलं. म्हणाले, "आमच्यात चेअरमन हायत." दादानं समजावून सांगितलं तेव्हा बाईंनी हातातली पेन्सिल टेबलावर टाकली. म्हणाल्या, "ऐक नीट. नुसत्या रक्ताचा प्रश्न असता तर मी एवढं बोलले नसते. हे कमी पडलं की नसा खराब होतात. इंजेक्शनं आत्ता वेळेवर घेतलीस तर पाय येतील. उशीर केलास तर रक्त भरून येईल, पाय येणार नाहीत."

पहिलं इंजेक्शन त्यांनीच दिलं. लालभडक औषध, जास्वंदीच्या पाण्यासारखं. बाकीची लिहून दिली, मुरुमच्या डॉक्टराकडून घ्यायची.

सासरी आल्यावर मामा स्वतः माझ्याबरोबर मुरुमला आले. डॉक्टरानं चिठ्ठी वाचली, ओठ वाकडा केला. आपलं चुकलं हे कुणी लिहून पाठवलं की माणूस करतो तसा. मग मामांकडं बघून म्हणाला, "हे लिव्हरच्या इंजेक्शनाच्या जातीचं हाय. जनावराच्या काळजापासनं काढत्यात तसलं. चालतंय का तुमच्यात?"

मामांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. "म्हंजे धाराशिवात हिला एक टोचलंय ते काळजाचं?"

"जात तीच," डॉक्टर म्हणाला. बाटली बघितली नाही, पुस्तक उघडलं नाही. "राहू द्या की. फॉलिकच्या गोळ्या हायत माझ्याकडं. त्यानंबी रक्त वाढतंय."

खरं सांगते, त्या क्षणी मलाही किळस आली. कुणाचं तरी काळीज, चेचून, गाळून, माझ्या कमरेत. घरी येऊन मी सुई टोचलेली जागा घासून घासून धुतली. आत्यांनी माझं अंथरूण दारापाशी वेगळं टाकलं आणि पाच दिवस देवघराच्या उंबऱ्याला शिवू दिलं नाही. मामांनी दादाला निरोप धाडला, आमच्या घरात असलं औषध येणार नाही म्हणून.

गोळ्या सुरू झाल्या आणि काय सांगू, रक्त वाढलं. खरंच वाढलं. पिवळेपणा गेला, धाप कमी झाली, पापणी गुलाबी. मुरुमच्या डॉक्टरानं पुन्हा अंगठा लावला आणि मामांकडं बघून मान डोलावली. मामा ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, "बघा, इथल्या गोळीनं गुण आला. शहरातल्या बाईचं ऐकलं असतं तर घर बाटलं असतं." मी म्हणत होते, पाय बधिर होतायत. आत्या म्हणायच्या, "तोंडावर लाली आली की गं, आता कशाचं नाटक?" चालताना मला जमीन कापसाची लागायची. मान वर करून चाललं की झोक जायचा, म्हणून पायांकडं बघत चालायचे. गावाला वाटायचं, चेअरमनची सून काय मर्यादेची, मान वर करत नाही.

माझा नवरा हे सगळं बघत होता. म्हणत काही नव्हता. त्याची मला तेव्हा मामांपेक्षा जास्त चीड यायची.

आणि मग तो दिवस. सकाळची वेळ, मी चुलीपुढं भाकरी थापत होते. जळणाचं लाकूड सरकलं आणि एक निखारा बाहेर पडला, तो मला दिसला नाही. फळीवरचा पिठाचा डबा घ्यायला मी उभी राहिले, मग तिथंच उभ्यानं धाकट्या पोराला ओरडत होते. एवढ्यात ओसरीवरून आत्यांचा आवाज आला, "आगं बाई, मटण कोण भाजतंय?"

वास मलाही येत होता. आत्या नाकाला पदर लावून आत आल्या. मागून मामा, उपरणं नाकावर. "माझ्या घरात ह्यो वास? कुणी आणलं?" मी म्हणाले, शेजारून येत असंल. मामा म्हणाले, आपल्याच चुलीपासनं येतोय. सगळे चुलीकडं बघत होते. मग आत्यांनी खाली बघितलं आणि त्यांचा पदर हातातून सुटला.

माझ्या टाचेखाली निखारा होता. मी त्याच्यावर उभी होते. टाच भाजत होती आणि मला काहीच कळत नव्हतं. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मांस शिजलं नव्हतं, ते त्या दिवशी शिजलं आणि ते माझं होतं.

पुढचं सांगताना आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. पाय उचलून मी खाली बसले. टाच काळी, कडेनं पांढरी. आणि मामांनी काय करावं? गोठ्याकडं गेले, शेजारच्या गाईचं भरून ठेवलेलं गोमूत्र तांब्यात घेऊन आले आणि चुलीवर, भिंतीवर, तव्यावरच्या माझ्या भाकरीवर शिंपडायला लागले. आत्या शेण आणायला धावल्या, जमीन सारवायला. मी मधे बसलेली, माझ्याभोवती सारवत होत्या. "सरक जरा," म्हणाल्या.

आमचे हे दारात उभे होते. त्यांनी वडिलांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि अंगणात फेकला. ओरडले नाहीत. म्हणाले, "बास झालं आता," आणि मला उचलून घेतलं. सगळ्या गावासमोरून उचलून एसटीच्या फाट्यापर्यंत नेलं. माझं शेणानं भरलेलं लुगडं त्यांच्या सदऱ्याला लागत होतं.

धाराशिवात डॉक्टरीणबाईंनी टाच बघितली, मग फॉलिकची गोळी बघितली. "ही गोळी रक्ताला फसवते," त्या म्हणाल्या. "पेशी सुधारल्यासारख्या दिसतात आणि आत नसा मरत राहतात. इंजेक्शन का नाही घेतलं?"

ह्यांनी खाली मान घालून सांगितलं. काळजाचं औषध, माळकरी घर.

बाईंनी त्यांच्यासमोर ती लाल बाटली ठेवली. "यात कुठल्या जनावराचं काही नाही. विरजण लावून दही करतात ना, तसेच सूक्ष्म जंतू मोठ्या हौदात वाढवून हे काढतात. काळजाचं इंजेक्शन वेगळं असतं, ते मी लिहिलंच नव्हतं. मला एक पत्र टाकलं असतं तर मी कळवलं असतं."

ह्यांनी बाटली हातात घेतली, उजेडाकडं धरली. "म्हंजे दह्यासारखं?"

"दह्यासारखंच."

माझा नवरा तिथं बसून रडला. मला रडू आलं नाही. दह्यासारखं. ज्या घरात दही लावायला वाटीभर दूध ठेवलं नाही, त्या घरानं दह्याच्या जातीचं औषध बाटलं म्हणून नाकारलं होतं.

टाच भरेपर्यंत दादाकडं राहिले. इंजेक्शनं चालू होती. रक्त पुन्हा मापलं, पेशी हळूहळू मापात आल्या. पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत परत आले. घोट्याखाली आले नाहीत. बाई म्हणाल्या, वाट बघू. पण तोंडावरून मला कळलं.

सासरी परत आले ते सकाळीच. गाडी यायची वेळ, ओसरीवर कॅन भरून ठेवलेला, मामा शेजारी बसलेले. समोर दोन-तीन माणसं. मला बघून मामा त्यांना म्हणाले, "सुनेचं इंजेक्शन चालू केलंय बरं का. चौकशी केली म्या. शुद्ध शाकाहारी हाय ते." जणू हौदात विरजण यांनीच लावलं होतं. माणसांनी माना हलवल्या आणि गाडी आली का बघायला ती रस्त्याकडं गेली.

मी पायांकडं बघत बघत पायऱ्या चढले. कॅनचं झाकण काढलं. तोच वास. आत टांगलेलं मापटं दुधात बुडवलं, वर काढलं आणि तोंडाला लावून प्यायले. वरून ओतून नाही, ओठ लावून. तेच उष्टं मापटं पुन्हा कॅनमध्ये बुडवलं आणि पुन्हा प्यायले. मामा बघत होते. उष्ट्या हाताच्या माणसाला ते पाण्याच्या रांजणाला शिवू देत नसत. मला वाटलं, आता कॅन गटारीत ओततील. ओतू देत. एक दिवस तरी गाडी चेअरमनच्या दुधाशिवाय जाऊ दे.

रस्त्यावर हॉर्न वाजला. मामांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग उठले, झाकण घट्ट बसवलं आणि माणसाला हाक मारली, "उचला रं."

माझं उष्टं दूध डेअरीला गेलं. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते आणि माझ्याच तोंडातल्या दुधानं मला उमासे येत होते. ह्या माणसाच्या सोवळ्यासाठी माझे पाय गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी धारेला बसायला सुरुवात केली. आधी माझा तांब्या भरायचे, मग कॅन. मामा तेवढा वेळ ओसरीवर जाऊन बसायचे, मरेपर्यंत. इंजेक्शन मी अजून घेते. वर्षातून एकदा रक्त तपासतात, आता सगळं यंत्रच मोजतं, आणि पोरगेला डॉक्टर कागद बघून म्हणतो, आजी, पेशी एकदम बरोबर मापाच्या आहेत.

अंघोळीला बसले की मी तळपाय हातानं चाचपून बघते. पाणी कढत आहे का, कुठं कापलंय का, काटा रुतलाय का. हाताला कळतं ते पायाला कळत नाही. टाचेवरचा तो डाग गुळगुळीत आहे, पोरींच्या भातुकलीतल्या भाकरीएवढा, आणि दुसऱ्या कुणाचा तरी पाय धुतल्यासारखा मी तो रोज धुते.